जॅक-२ रिपोर्ट पॉझिटिव्ह आला: याचा अर्थ काय आणि पुढे काय करायचे?

आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असल्याची काळजी सगळ्यांना असते. ते जास्त आले तर मात्र बहुतेक जण खूश होतात. 'डॉक्टर, माझे हिमोग्लोबिन १९ आहे, म्हणजे रक्त चांगले आहे ना?' असे विचारणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. हिमोग्लोबिन इतके वाढलेले असेल, किंवा प्लेटलेट सतत साडेचार लाखांच्या वर राहत असतील, तर डॉक्टर कधीकधी 'जॅक टू' नावाची तपासणी लिहून देतात. रिपोर्टवर 'जेएके२ व्ही६१७एफ' अशी इंग्रजी अक्षरे आणि पुढे 'डिटेक्टेड' हा शब्द दिसला की घरातले सगळे घाबरतात. जनुकात दोष आहे म्हणजे काय, हा कॅन्सर आहे का, मुलांना होईल का, असे प्रश्न एकामागून एक येतात. त्यांची उत्तरे या लेखात क्रमाने दिली आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

- जॅक-२ हे प्रत्येक माणसात असणारे जनुक आहे. ते रक्तपेशी किती बनवायच्या याचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारे एन्झाइम तयार करते.
- रिपोर्टमध्ये सापडणारा बदल जन्मतः नसतो. तो आयुष्यात पुढे कधीतरी बोन मॅरोमधल्या एका पेशीत घडलेला असतो.
- या आजारात सर्वांत मोठा धोका रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा असतो. तो धोका उपचाराने बराच कमी करता येतो.
- 'मला काही त्रास नाही' म्हणून तपासण्या आणि औषधे सोडू नका.

जॅक-२ जनुक काय काम करते?

आपल्या हाडांच्या आत मऊ गर असतो. त्याला बोन मॅरो किंवा अस्थिमज्जा म्हणतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिथेच तयार होतात. कोणत्या पेशी किती बनवायच्या, हे शरीर रक्तातून निरोप पाठवून ठरवते. शरीराला ऑक्सिजन कमी पडू लागला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक जास्त सोडतात. ते बोन मॅरोमधल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या रिसेप्टरला जाऊन चिकटते.

हा निरोप पेशीच्या आत नेण्याचे काम जॅक-२ एन्झाइम करते. ते रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जोडलेले असते. बाहेर संप्रेरक चिकटले की आतली दोन जॅक-२ एन्झाइम जवळ येतात, एकमेकांना चालू करतात आणि 'स्टॅट' नावाच्या प्रथिनांना पेशीच्या केंद्रकात पाठवतात. तिथून पेशीला वाढण्याचा आणि दुप्पट होण्याचा हुकूम मिळतो.

हे दारावरच्या बेलसारखे आहे. बाहेर कोणी बटण दाबले की घरात बेल वाजते आणि बोट उचलले की थांबते. शरीराची गरज भागली, संप्रेरक कमी झाले की जॅक-२ सुद्धा शांत होते.

हे जनुक नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते आणि त्याच्याशिवाय शरीराचे चालत नाही. १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत जॅक-२ जनुक पूर्ण काढून टाकले, तेव्हा ती पिल्ले गर्भातच दगावली, कारण त्यांच्यात तांबड्या पेशी तयारच होऊ शकल्या नाहीत. म्हणून जॅक-२ हे 'वाईट जनुक' नाही. ते गरजेचेच आहे, फक्त त्यात एका ठिकाणी बिघाड झाला की अडचण सुरू होते.

बिघाड नेमका कुठे होतो?

जॅक-२ एन्झाइम ही ११३२ अमिनो आम्लांची एक लांब साखळी आहे. तिच्यातल्या ६१७ व्या जागी व्हॅलीन असायला हवे. तिथे फेनिलअ‍ॅलॅनिन आले की त्या बदलाला व्ही६१७एफ म्हणतात. साखळीचा हा भाग एन्झाइमला आवरून धरतो. तिथे बदल झाला की आवर सुटतो. बेलचे बटण आतच अडकून बसावे, तसे होते. बाहेर कोणी नसले तरी बेल वाजत राहते. शरीराला गरज नसताना तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि कधी पांढऱ्या पेशीही बनत राहतात.

तांबड्या पेशी वाढण्याच्या या आजाराचे वर्णन फ्रान्समधले डॉक्टर लुई व्हाकेझ यांनी १८९२ मध्येच केले होते. त्याचे कारण मात्र शंभराहून अधिक वर्षांनी, २००५ मध्ये समजले. त्या वर्षी युरोप आणि अमेरिकेतल्या चार वेगवेगळ्या संशोधक गटांनी हाच बदल शोधून काढला. तेव्हापासून साध्या रक्ततपासणीतून तो ओळखता येऊ लागला.

ही तपासणी प्रत्येकाला लागते का?

नाही. हिमोग्लोबिन वाढण्याची इतर कारणे जास्त आढळतात आणि आधी ती पाहावी लागतात:

- बिडी-सिगारेटचे व्यसन
- फुप्फुसाचा जुना आजार, किंवा झोपेत श्वास अडकून जोरात घोरण्याचा त्रास
- जुलाब-उलट्यांमुळे किंवा पाणी कमी प्यायल्याने शरीर कोरडे पडणे
- उंच डोंगराळ प्रदेशात दीर्घकाळ राहणे
- व्यायामशाळेत घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने
- मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या

शेवटचे कारण वाचून मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. तुम्ही कोणती औषधे घेता ते डॉक्टरांना सांगा, एवढेच पुरेसे आहे.

प्लेटलेटही लोह कमी असल्यास, जंतुसंसर्गात किंवा शरीरात कुठे सूज असल्यास वाढतात आणि मूळ कारण बरे झाले की खाली येतात. म्हणून एका रिपोर्टवर निष्कर्ष न काढता सीबीसी काही काळाने पुन्हा करतात.

पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ आणि स्त्रियांत १६ च्या वर सतत राहत असेल, किंवा प्लेटलेट ४.५ लाखांच्या वर टिकून असतील आणि दुसरे कारण दिसत नसेल, तर जॅक-२ तपासणीचा विचार होतो. पोटातल्या, विशेषतः यकृताच्या शिरांत गुठळी सापडली, तर सीबीसी ठीक दिसत असूनही ही तपासणी सांगतात.

रिपोर्ट कसा वाचायचा?

तपासणी हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्तावर होते. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही.

*डिटेक्टेड किंवा पॉझिटिव्ह:* तुमच्या काही रक्तपेशींत हा बदल आहे. काही रिपोर्टमध्ये पुढे टक्केवारी असते. तपासलेल्या नमुन्यात या जनुकाच्या जितक्या प्रती सापडल्या, त्यांपैकी किती बदललेल्या आहेत, ते त्यातून कळते. ४० टक्के लिहिले असेल, तर '४० टक्के कॅन्सर' असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

*नॉट डिटेक्टेड किंवा निगेटिव्ह:* हा बदल सापडला नाही, पण आजार नाहीच असे त्यावरून ठरत नाही. तांबड्या पेशी वाढलेल्या असतील तर याच जनुकाच्या एक्झॉन १२ नावाच्या भागातले बदल तपासतात. प्लेटलेट वाढलेले असतील तर कॅलआर आणि एमपीएल ही दोन जनुके पाहतात.

एकट्या जॅक-२ रिपोर्टवर आजाराचे नाव ठरत नाही. सीबीसी, रक्तातल्या एरिथ्रोपोएटिनची पातळी, पोटाची सोनोग्राफी आणि बऱ्याचदा कमरेच्या हाडातून घेतलेला बोन मॅरोचा नमुना, हे सगळे एकत्र पाहून हिमॅटोलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, निदान करतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर त्यांना दाखवणे आवश्यक आहे.

कोणते आजार होऊ शकतात?

मुख्यतः तीन:

*पॉलिसायथेमिया व्हेरा:* यात तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते. या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत व्ही६१७एफ बदल सापडतो.

*इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया:* यात प्रामुख्याने प्लेटलेट वाढतात. साधारण निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत हा बदल असतो.

*मायलोफायब्रोसिस:* यात बोन मॅरोमध्ये तंतू वाढतात, पेशी बनवण्याची जागा कमी होते, प्लीहा मोठी होते आणि पुढे हिमोग्लोबिन उलट कमी होऊ लागते. इथेही निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत हा बदल आढळतो.

बऱ्याच जणांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काहींना डोके जड वाटते, चक्कर येते, चेहरा लालबुंद दिसतो, तळहात-तळपाय जळजळतात किंवा डाव्या बरगडीखाली भरल्यासारखे वाटते. एक लक्षण वेगळे आहे: आंघोळीनंतर, विशेषतः गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, अंगावर पुरळ नसताना खूप खाज सुटणे. अनेक जण साबण बदलून पाहतात, त्वचेची मलमे लावतात आणि त्यात बरेच दिवस जातात.

म्हणजे हा कॅन्सर आहे का?

वैद्यकीय वर्गीकरणात हे तिन्ही आजार रक्ताच्या कॅन्सरच्या गटात येतात, आणि हे तुमच्यापासून लपवू नये असे मला वाटते. पण 'ब्लड कॅन्सर' हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर जे चित्र येते, त्याहून हे आजार बरेच वेगळे आहेत. पॉलिसायथेमिया व्हेरा आणि इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया अतिशय संथ चालतात. योग्य उपचार चालू ठेवून अनेक रुग्ण वर्षानुवर्षे नोकरी, शेती, संसार सगळे नेहमीसारखे करतात. थोड्या रुग्णांत हा आजार पुढे मायलोफायब्रोसिसमध्ये आणि त्याहून कमी जणांत तीव्र ल्युकेमियामध्ये बदलू शकतो. नियमित तपासणी त्यासाठीच असते. मायलोफायब्रोसिस हा तिघांत अधिक गंभीर असून त्याचे उपचार तज्ज्ञ रुग्णागणिक ठरवतात.

घरच्यांना एक विनंती. रुग्णाला त्याच्या आजाराचे नाव सांगा. काही झालेले नाही असे सांगून गोळ्या दिल्या, तर एक दिवस तो गोळ्या बंद करणारच.

मुलांना होईल का?

'जनुक' शब्दामुळे हा प्रश्न येतोच. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर आईवडील तो दबक्या आवाजात विचारतात.

व्ही६१७एफ हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. तो बोन मॅरोमधल्या एका मूळ पेशीत पुढे कधीतरी घडतो आणि त्या पेशीच्या वंशजांपुरता राहतो. स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत तो नसतो, त्यामुळे मुलांकडे जात नाही. तुम्ही काही खाल्ले, काही चुकीचे केले म्हणूनही तो झालेला नाही. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा शारीरिक संबंधातून तो पसरत नाही.

काही कुटुंबांत असे आजार एकापेक्षा जास्त व्यक्तींना झालेले दिसतात. जवळच्या नातेवाइकांत धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, पण हे आजार मुळातच कमी आढळतात, त्यामुळे बहुतेक नातेवाइकांना ते कधीच होत नाहीत. त्रास नसलेल्या मुलांची जॅक-२ तपासणी करण्याची गरज नाही. लग्न मोडावे असे तर यात काहीच नाही.

खरा धोका कशाचा?

गुठळीचा. रक्त दाट झाले आणि पेशी चिकट झाल्या की रक्तवाहिनीत गुठळी तयार होऊ शकते. ती मेंदूत झाली तर पक्षाघात, हृदयात झाली तर हार्ट अटॅक, पायात झाली तर पाय सुजतो आणि तिथून सुटून फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. काही रुग्णांना आजार असल्याचे पहिल्यांदा कळते, तेच अशा झटक्यानंतर. ६० वर्षांवरील व्यक्तींना आणि आधी कधी गुठळी झालेल्यांना धोका जास्त असतो. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल तो आणखी वाढवतात.

उपचार काय असतात?

*रक्त काढणे.* पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये रक्तदानासारखेच रक्त काढतात. याला फ्लेबोटॉमी म्हणतात. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' असा आकडा असतो. तो ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा असतो. या आकड्यामागे पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात ३६५ रुग्णांचे दोन गट केले होते. हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवलेल्या १८२ जणांपैकी ५ जणांना मोठी गुठळी झाली किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू आला. ४५ ते ५० च्या दरम्यान ठेवलेल्या १८३ जणांत ही संख्या १८ होती. म्हणून '४७ आहे, जवळपासच आहे' असे म्हणून पुढची तारीख टाळू नका.

*कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन.* हिने प्लेटलेट एकमेकांना चिकटणे कमी होते. पण ती प्रत्येकाला चालत नाही. जठरात अल्सर असेल, किंवा प्लेटलेट १० लाखांच्या वर गेले असतील, तर उलट रक्तस्रावाचा धोका असतो. दुकानातून स्वतः आणून सुरू करू नका.

*पेशींची वाढ कमी करणारी औषधे.* धोका जास्त असलेल्यांना बहुधा हायड्रॉक्सियुरिया दिली जाते. ही घेताना ठरलेल्या वेळी सीबीसी करावेच लागते. तोंड येणे, घोट्याजवळ जखम होणे हे दुष्परिणाम दिसले तर लगेच सांगा. काही रुग्णांना, विशेषतः तरुणांना, इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जातात. मूल हवे असेल तर, स्त्री असो वा पुरुष, आधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हायड्रॉक्सियुरिया चालत नाही.

*जॅक रोखणाऱ्या गोळ्या.* रुक्सोलिटिनिब हे औषध थेट जॅक एन्झाइमवर काम करते. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मायलोफायब्रोसिससाठी आणि २०१४ मध्ये पॉलिसायथेमिया व्हेरासाठी मान्यता मिळाली. मोठी झालेली प्लीहा, खाज, घाम, थकवा यांत त्याचा चांगला उपयोग होतो. पण बदललेले आणि चांगले जॅक-२ यांतला फरक या गोळीला कळत नाही. ती दोन्हींना आवर घालते, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. प्रतिकारशक्तीही थोडी घटते. नागीण होण्याची किंवा शरीरात दडलेला क्षयरोग वर येण्याची शक्यता असते. स्वतःला किंवा घरात कोणाला कधी टीबी झाला असेल तर गोळी सुरू होण्याआधी सांगा. ही गोळी अचानक बंद केली तर त्रास उसळून येतो, म्हणून संपण्याआधी आणून ठेवा.

घरी काय काळजी घ्यायची?

- तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेत असाल तर सोडा. हा सल्ला औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.
- पाणी पुरेसे प्या. उन्हाळ्यात, प्रवासात आणि उपवासाच्या दिवशी जास्त लक्ष द्या. निर्जळी उपवास टाळावा.
- लांबच्या प्रवासात मधूनमधून उठून चाला.
- लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक स्वतःहून घेऊ नका. रक्त काढल्याने लोह कमी होणे अपेक्षित असते. लोह दिले की तांबड्या पेशी पुन्हा वेगाने वाढू शकतात.
- आंघोळीला कोमट पाणी घ्या आणि अंग न घासता टिपून कोरडे करा.
- दात काढण्याआधी किंवा कोणत्याही ऑपरेशनआधी आजाराचे नाव आणि औषधे सांगा.
- सगळे सीबीसी रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवा. एका रिपोर्टपेक्षा आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत, हे आम्हाला जास्त उपयोगी पडते.
- खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून तुमचा उपचार शासकीय योजनेत बसतो का, ते विचारा. पैशांमुळे औषध मध्येच थांबवण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा दुसरा मार्ग निघतो.

ताबडतोब रुग्णालयात कधी जायचे?

पुढीलपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा:

- चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे, जरी ते काही मिनिटांत बरे झाले तरीही
- छातीत दुखणे, दम लागणे
- एकच पाय अचानक सुजून दुखणे
- पोटात तीव्र वेदना किंवा पोट झपाट्याने फुगणे
- काळी शौच, रक्ताची उलटी किंवा न थांबणारा रक्तस्राव

तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'जॅक-२ पॉझिटिव्ह आहे' हे सांगा. त्यावरून ते गुठळीचा विचार लवकर करतात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा

माझ्या आजाराचे नेमके नाव काय? गुठळीच्या दृष्टीने माझा धोका कमी आहे की जास्त? माझा पीसीव्ही आणि प्लेटलेट किती असायला हवेत? सीबीसी किती दिवसांनी करायचे? ही चार उत्तरे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला वाचायला द्या.

जॅक-२ मधला बदल आजच्या नेहमीच्या औषधांनी पुसून टाकता येत नाही. रक्ताचे आकडे आटोक्यात ठेवणे मात्र शक्य आहे, आणि पक्षाघात किंवा हार्ट अटॅक टाळण्यासाठी त्याचाच उपयोग होतो. तब्येत ठणठणीत वाटत असतानाही ठरलेल्या तारखेला सीबीसी करून घ्या.